वाजणारा डबा

आमच्या उमरग्यातला हा भंगारवाला वजनात लबाड आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तोलताना त्याची करंगळी हळूच पारड्याखाली जाते, आणि आपण बोट दाखवलं की "व्हय का, अक्का?" म्हणून तोच नवल करतो. पत्र्याचा डबा मात्र तो आधी कानाशी धरून हलवतो.

लेक शिकायला पुण्याला गेली, तेव्हा तिच्या फळीवरचा बिस्किटाचा गंजका डबा मी त्याच्यापुढं ठेवला. आत खुळखुळ वाजलं.

"ह्यो न्हाय घेणार. पोरीला इचारलं का?"

"अहो, चिंचोके आणि फुटक्या बांगड्या आहेत त्यात!"

"तुमच्यासाठी चिंचोके, अक्का," म्हणत त्यानं डबा परत माझ्या हातात दिला.

दिवाळीत लेक आली. सगळं फरशीवर ओतून हसत बसली आणि जाताना रुमालात बांधून घेऊन गेली.

मग मी रिकामा डबा पुन्हा त्याला दिला. त्यानं हलवला. काहीच वाजेना, तसा त्याचा चेहरा उतरला.

"फेकलं?"

"नाही हो. पोरगी सोबत घेऊन गेली."

त्यानं डबा तोलायला घेतला. मी बघतच होते. करंगळी पारड्याखाली गेली नाही.