गाठ न सोडता

आमच्याकडे अस्थी नेताना गेलेल्या माणसाला वाट सांगत न्यायची असते. नाहीतर ते मध्येच कुठंतरी रेंगाळतं म्हणे. आईचं माहेर कर्नाटकात, कृष्णाकाठी. विसर्जन तिथंच व्हावं ही तिची इच्छा. म्हणून माढ्याहून मी गाडी चालवत होते आणि शेजारी वडील, पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाडगं मांडीवर घेऊन बसले होते. ते जमिनीला टेकवायचं नाही आणि गाठ नदीवरच सोडायची, हे त्यांनी मला निघाल्यापासून इतक्यांदा ऐकवलं की माझं डोकं उठलं.

"सोलापूर आलं गं," ते गाडग्याकडं वाकून सांगत. "आता टाकळी. ऊन लई हाय." मग जुनं भांडण निघे. पडून आईची मांडी मोडली तेव्हा डॉक्टरांनी आत धातूची पट्टी बसवली होती आणि दरवर्षी पायाचा एक्स-रे फोटो काढायला सांगितलं होतं. आई टाळत राहिली. "सांगून दमलो, फोटो काढून घे. ऐकलीस व्हय?"

"ती होती तेव्हा एवढं बोलला असता तर," मी म्हणाले. मी तशी फटकळच.

भीमेच्या पुलाआधी पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. कुणीतरी अमली पदार्थ घेऊन सीमा ओलांडणार, अशी खबर होती. एक फौजदारबाई खिडकीशी आल्या, आणि नेमके तेव्हाच वडील फडक्याला तोंड लावून पुटपुटले, "पोलीस हायती. घाबरू नगंस."

झालं! आम्हाला खाली उतरवलं.

"काका, काय आहे त्यात?"

"हिची आई हाय," माझ्याकडं बघत वडील म्हणाले.

मी सगळं समजावलं. बाईंचा आवाज मऊ झाला, पण त्या हटल्या नाहीत. "वाईट वाटून घेऊ नका. अशा मडक्यातून नेलेला माल आम्ही पकडलाय. उघडावं लागेल."

वडिलांनी गाडगं छातीशी धरलं. "मला आत टाका सायब. पर गाठ हितं न्हाय सुटायची." पोलीस दिसला की रस्ता बदलणारा हा माणूस! मला रडू आलं आणि त्याचा राग मी बाईंवर काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हवालदाराला हाक मारली. "ते नवीन एक्स-रेचं यंत्र आण. उघडायचं की नाही, ते त्यानंतर ठरवू."

इस्त्रीएवढं यंत्र होतं, मागे पडदा. बाईंनी ते फडक्यासमोरून सावकाश फिरवलं. फडकं तसंच, गाठ तशीच, आणि पडद्यावर गाडग्याच्या आतलं उमटू लागलं. धुरकट ढीग. मी बघत राहिले. ढिगात एक काळी, सरळ रेघ होती. तिच्यावर ओळीनं भोकं.

"हे काय?" बाईंचा आवाज पुन्हा कडक झाला.

"पट्टी हाय," वडील म्हणाले. "तिच्या मांडीतली. सावडताना मीच ठेवली आत. तीबी तिचीच की."

मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं आई जिच्यावर उभी राहिली, ती पट्टी मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, तीही सीमेवर, पोलिसांच्या यंत्रात. देवळातही माझे हात असे आपोआप जुळले नव्हते.

मग बाईंनी कापडाचा एक तुकडा फडक्यावरून पुसून दुसऱ्या पेटीत सरकवला. अमली पदार्थाचा कण जरी चिकटला असेल तरी ती पेटी ओळखते, असं हवालदार म्हणाला. आम्ही सगळे तिच्याकडं बघत उभे राहिलो. हिरवा दिवा लागला.

"उघडायची गरज नाही. जा काका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडग्याला नमस्कार केला.

वडील गाडीत बसले. मी किल्ली फिरवली, पण त्यांनी हातानं मला थांबवलं आणि गाडग्याकडं वाकले.

"निगाला बग तुजा फोटो. पट्टी चांगली हाय," ते म्हणाले. "चल आता, पूल आला."