भिंतीवरची नासपती

दूध वर येत होतं आणि सासरे स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागरीला पुन्हा एकदा तेल घालत होते. ती बिजागरी कुरकुरत नव्हती, कधीच कुरकुरली नव्हती. सून एक डोळा दुधावर आणि एक त्यांच्यावर ठेवून उभी होती.

सलून बंद केल्यापासून म्हाताऱ्याचा पाय घरात ठरत नसे, आणि हात तर त्याहून नाही. पायपुसण्याच्या दशा त्यांनी कापून सारख्या केल्या होत्या. केरसुणीचीही टोकं छाटून झाली होती. मागच्या आठवड्यात तर स्वतःच्या चाळिशीतल्या मुलाची मिशी एका बाजूला जास्त दिसते म्हणून तो झोपलेला असताना कात्री घेऊन उशाशी जाऊन बसले. सूनबाई वेळेवर पोचली म्हणून बरं. गल्लीत त्यांना माघारी भिंगरी म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं फारसं वाईटही वाटत नसे.

दारावर थाप पडली. सून वळली, आणि दूध उतू गेलं ते गेलंच.

पलीकडच्या काकू होत्या. दोन्ही घरांमधली मागची भिंत त्यांच्या मालकीची. इकडच्या बाजूला अंगण म्हणजे नुसती पट्टी. कपड्यांची दोरी आणि माणूस एकाच वेळी मावायची मारामार. तिथे सासूबाईंनी हौसेनं नासपतीचं रोप लावलं होतं. पसरायला जागा नाही म्हणून नवराबायकोनं भिंतीवर आडव्या तारा ताणल्या आणि प्रत्येक फांदी डावी-उजवीकडे वाकवून तारेला बांधली. बांधायला सलूनमधल्या जुन्या कापडाच्या मऊ चिंध्या. झाड भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभं राहिल्यासारखं वाढलं. तीन-चार वर्षांत फळं धरली. काकूंनीही भिंतीचं भाडं म्हणून टोपलीभर हक्कानं खाल्ली.

काकूंनी आधी चहा नको म्हटलं आणि मग दोन कप घेतले. बोलायचं होतं ते त्यांच्या जिभेवर येत नव्हतं. शेवटी सांगितलं, भिंतीचा गिलावा फुगलाय, उन्हाळा सरला की गवंडी येणार, त्याला भिंत मोकळी हवी.

"वहिनी गेल्या आणि झाडानं फळ धरायचं सोडलं, नाना. नुसती पानं मोजत बसायची का मी? यंदा फळ दिसलं तर तेवढी भिंत सोड म्हणून मी गवंड्याला सांगेन. नाहीतर काढून टाका." मग उंबऱ्याशी थांबून, जरा हसत, "माझ्या भिंतीची हजामत पुरे झाली आता."

काकूंची पाठ वळते न वळते तोच सासरे कात्री घेऊन अंगणात. सून ओल्या हातानंच मागे धावली. ते म्हणत होते, नीट छाटलं की जोर धरेल, कुठेतरी कमी पडतंय आपलं. आणि छाटत होते.

सून बघत राहिली. कमी कुठे पडत होतं? फांद्या अशा गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. एकेकाळी त्यांच्या दाढीची हीच ख्याती होती. गिऱ्हाईक गालावर हात फिरवून खुर्चीतून उठायचं. सासूबाई गेल्यापासून बाराही महिने हे असंच चाललं होतं. कापावं तितके नवे कोंब सरळसोट वर सुटायचे, चिडल्यासारखे. मग सासरे तेही कापायचे.

कपडे सरकवून ती गेल्या वर्षी बसवलेल्या पाण्याच्या टाकीमागे वाकली. तिथे सगळ्यात खालची फांदी टाकीआड गेली होती. सासऱ्यांचं पोट टाकीवर अडायचं, हात तिथवर पोचत नसे. ती फांदी नुसती ओबडधोबड होती. जागोजागी सुरकुतलेले आखूड खुंट, आणि प्रत्येक खुंटाच्या टोकाला हरभऱ्याएवढी फुलाची टपोरी कळी. बाकीच्या फांद्यांवरचे डोळे सुईसारखे, बारीक.

"बाबा, इकडे या. पोट आत घ्या आणि हात घाला."

त्यांनी हात घातला. सवयीनं अंगठा उलटा फिरवला, हनुवटीवर राहिलेली दाढी चाचपतात तसा. मग अंगठा एका खुंटावर थांबला.

"बाकीकडचे हे खुंट तुम्ही काढता ना?" सुनेनं विचारलं.

"काढतो. दाढी राहिल्यासारखी दिसते."

बोलले आणि हात मागे घेतला. सुनेला आठवलं, थंडी सरली की सासूबाई कात्री पिठाच्या डब्यात लपवायच्या. सासरे घर डोक्यावर घ्यायचे, आणि त्या कणीक मळता मळता म्हणायच्या, सापडेल हो, थंडी तर पडू दे. घरातल्या सगळ्यांना ती त्यांची थट्टाच वाटायची. सासऱ्यांनाही.

"तिला माहीत होतं," ते म्हणाले. "मला एका शब्दानं बोलली नाही."

"बोलल्या असतील. तुम्ही तेव्हा काहीतरी कापत असाल."

ते हसले नाहीत. आता त्या एका फांदीवर फुलं यायला हवी होती, ती टिकायला हवी होती, फळ धरायला हवं होतं, आणि हे सगळं उन्हाळा सरायच्या आत. इतके दिवस त्यांनी कात्री न लावता झाडाजवळ नुसतं उभं राहायचं. तेवढ्यात कर्र आवाज आला. बोलता बोलता त्यांच्या हातानं शेजारच्या फांदीचा एक शेंडा उडवला होता. दोघंही त्या शेंड्याकडे बघत राहिली. सासऱ्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, एखाद्या वांड गिऱ्हाईकाकडे बघावं तसं.

आत आल्यावर ते खुर्चीवर बसले, उठले, खिडकीशी गेले, परत आले. सून ओट्यावरचं उतू गेलेलं दूध पुसत होती. त्यांनी कात्री मिटली, तिची पाती धोतराच्या सोग्यानं पुसली आणि ओट्यावर तिच्या हाताशी ठेवली.

"ही लपव. कुठे ते मला सांगू नकोस, आणि मी मागितली तरी थंडी पडेपर्यंत देऊ नकोस."