शालनच्या दाराबाहेरची खुर्ची

फोन आला तेव्हा माझा उजवा हात टॉवेलाखाली होता. शेळ्यांच्या बाजारात मोठा सौदा अजूनही असाच होतो. दोघांचे हात एका टॉवेलाखाली, तोंडानं एक शब्द नाही, बोटं दाबून भाव सांगायचा. पटलं तर हात घट्ट धरायचा, नाही पटलं तर काढून घ्यायचा. हात काढला की सौदा मोडला, मग त्यावर बोलणं नाही. समोरचा व्यापारी माझी बोटं धरून घासाघीस करत होता आणि डाव्या कानाशी धरलेल्या फोनवर दाजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे नवरे, म्हणत होते, "आण्णा, दवाखान्यात या... शालन गेली." मी हात काढून घेतला. व्यापाऱ्याला वाटलं, मला भाव पटला नाही. "अवो, वाडवतो की जरा!" म्हणत तो फाटकापर्यंत माझ्या मागं आला.

त्याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. शालनबद्दल चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, ते मी लिहीनही, पण माझा तिच्यावर राग आहे आणि तो बाजूला ठेवून मला लिहिता येत नाही.

आमचे वडील सांगोल्याकडच्या कोरड्या मुलखातले, शेरडांचे व्यापारी. टॉवेलाखालची बोटं त्यांनी मला शिकवली, कारण मी मुलगा. शालन नुसती बघून शिकली. वाकळेखाली हात घालून आम्ही दोघं चिंचोक्यांचे सौदे करायचो. मी चढायचो, उतरायचो, चिडायचो, तिच्या हाताला चिमटे काढायचो. ती एकदा बोटं दाबून भाव सांगायची आणि मग गप्प बसून राहायची. शेवटी माझेच चिंचोके संपायचे. पुढं मी सोलापुरात आलो तो मोकळ्या हातानं. दुसऱ्याच्या बोकडांना पाला घालत राहिलो, आणि आज माझी स्वतःची शेड आहे, चाऱ्याचं गोदाम आहे, त्यावर राहती घरं आहेत. सगळं घासाघिशीवर उभं केलं. ज्याच्यापुढं माझं काही चाललं नाही असं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं, आणि ते माझ्याच पाठीवर जन्मलेलं होतं.

तिची मुलगी समृद्धी, आमची समू. काही महिन्यांची असतानाच पांढरीफटक पडायला लागली. दूध पिता पिता दमायची. तपासण्या झाल्या आणि थॅलेसेमिया हा शब्द आमच्या घरात आला. पोरीच्या अंगात रक्त टिकत नाही, दर काही आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागणार, जन्मभर. माढ्याकडचे शालनच्या सासरचे म्हणाले, दोष आईकडनं आलाय. डॉक्टरांनी सांगितलं, दोघांकडनं आलाय. ते सासरी कुणी ऐकून घेतलं नाही. तेव्हा मी उभा राहिलो, हे मी सांगणारच. बाजारातली हमाल पोरं, मेंढरं राखणारे आमचे भावकीतले गडी, टेम्पोवाले, ज्याच्या अंगात म्हणून रक्त दिसलं त्याला मी रक्तपेढीत नेऊन बसवलं. कुणाला दटावून, कुणाला हसवून, कुणाला मटणाचं जेवण घालून. समूच्या अंगात निम्मा शेळीबाजार वाहतोय, असं दाजी म्हणायचे.

आणि घोटाळा तिथंच झाला. आपल्याकडं रक्त दिलेला माणूस तसाच घरी जात नाही. आपलं रक्त ज्या पोरीला जाणार ती बघायची असते. पेढीतनं निघून गडी सरळ तिच्या खाटेशी जायचे, गालाला हात लावायचे, बिस्किटाचा पुडा हातात द्यायचे, कुणी मांडीवर घ्यायचं. माया होती ती, दुसरं काही नाही. एका हिवाळ्यात असाच एक जण खोकत होता. समूची प्लीहा त्याआधीच ऑपरेशन करून काढली होती. प्लीहा काढलेल्या पोराला साधा ताप आला तरी तो साधा समजायचा नाही, घरी बसायचं नाही, तासाभरात दवाखाना गाठायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या वेळी समू तापली आणि अतिदक्षता विभागात गेली. काचेबाहेर शालन उभी होती, रडत नव्हती. पोर परत घरी आली त्या दिवशी शालननं घरातली एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि बाहेर, दारापासून चार हात लांब नेऊन ठेवली. खुर्चीचा एक हात तडकलेला होता, त्याला गणवेशाच्या कापडाची पट्टी गुंडाळली. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. येईल त्यानं आधी त्या खुर्चीवर बसायचं. ती दारातनं विचारणार, खोकला हाय का, घरात कुणाला ताप हाय का. मग आत, नाहीतर तिथनंच चहा घेऊन परत. दाजी रिक्षा चालवतात. त्यांनाही बाहेरच्या मोरीत अंग धुऊन, कपडे बदलूनच घरात यायला मिळायचं.

हद्दवाढीतली वस्ती ती, दारं कायम उघडी असणारी. "लई श्यानी झालीया," असं बायका म्हणायच्या. मी तिची बाजू घेऊन त्यांच्याशी भांडलोय. ती खुर्ची माझ्यासाठीही आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

गेल्या भाऊबीजेला मी साडी, समूला ड्रेस, करंज्यांचा डबा असं सगळं घेऊन गेलो. आदल्या दिवशीचा बाजार घशात बसला होता. फाटकात एकदा खोकलो.

"आण्णा, खोकला कवापासनं हाय?"

"धूळ हाय गं, बाजाराची."

"धूळ का ताप, ते उद्या कळंल. आज भाईर बस."

"सख्ख्या बहिणीच्या दारात भाईर बसायला मी काय फेरीवाला हाय व्हय?"

"फेरीवाल्याला तर मी फाटकातच उबा करते की. तुला खुर्ची दिलीया."

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. दारात उभा राहतो म्हणालो. तोंडाला रुमाल बांधतो म्हणालो. जेवत नाही, नुसता पाट दे म्हणालो. एकेक पायरी उतरत गेलो, बाजारात उतरत नाही इतका. ती उंबऱ्यावर ताट घेऊन उभी. तिथनंच तिनं मला ओवाळलं, लांबनं, देवाला ओवाळतात तसं, आणि सगळी गल्ली ते बघत होती. मी साडी खुर्चीवर ठेवली आणि निघालो. "आण्णा, जेवून तर जा, ताट भाईर देते..." हे मला ऐकू आलं होतं. त्यानंतर मी तिच्या घरी गेलो नाही. रक्तासाठी पोरं पाठवत राहिलो, मात्र स्वतः गेलो नाही. ज्याच्या भरवशावर ते घर चाललं त्याला अंगणात बसवलं, हे माझ्या घशाखाली उतरलं नाही. तिचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. चुकलेल्या माणसावरचा राग निवतो. बरोबर असलेल्यावरचा कुठं नेऊन ठेवायचा?

यंदा पावसाळ्यात फ्लूची साथ आली. गल्लीगल्लीत घरंच्या घरं तापानं झोपली, दवाखान्यांत खाटांना जागा उरली नाही. शालननं समूला फ्लूची लस आधीच टोचून आणली होती, दाजींनाही ओढून नेलं होतं. आपली मात्र पुढं ढकलली, कारण गणवेशांचा हंगाम होता, सुट्टी मागितली की काम जातं. पोरीच्या बाबतीत इतकी चोख बाई आणि स्वतःच्या बाबतीत असली ढिलाई! हे मी तिला तोंडावर बोलणार होतो. राहिलं.

एका दुपारी मी शेडमध्ये होतो. कुंपणापलीकडं कुणीतरी उभं दिसलं. तोंडाला ओढणी बांधलेली, हातात पिशवी. आत येत नव्हती.

"आण्णा, मला ताप आलाय."

मी हातातला पाला खाली टाकला. जे जिभेवर होतं तेच बोललो. "आज बरी आली भावाची आटवण?"

"आली की. समू शाळेतनं यायच्या आत भाईर पडले. तुज्या वरच्या खोलीत ठिव मला."

"एवड्या पावण्यारावळ्यांत मीच घावलो?"

"तुज्याच घरी ल्हान पोर न्हाय," ती म्हणाली, आणि ओढणीमागं हसली.

म्हणजे भाऊ म्हणून नव्हे, तर माझी पोरं मोठी झाली म्हणून! तशातही ती हिशेबानंच आली होती. मी तिला वरची खोली दिली, तिच्या वहिनीनं पेज नेऊन दारात ठेवली, डॉक्टर आणला. पण ताप अंगावर काढूनच ती आली होती, मशीनवर बसून. दोन दिवसांत तिला दम लागायला लागला आणि आम्ही तिला दवाखान्यात हलवलं. त्याच आठवड्यात समूचं रक्त चढवायचं होतं. ऑक्सिजनवर असताना शालनचं तेच चाललं होतं. "रगत द्यायला येतील त्यास्नी सर्दी हाय का इचार... समूच्या खाटेजवळ कुणाला जाऊ दिऊ नको..." मग बोलणंही बंद झालं, तोंडावर मोठा मास्क बसला.

मला डॉक्टरांच्या चेहऱ्यावरनं समजलं होतं. व्यापाऱ्याला चेहरा वाचता येतो. मी मास्क बांधून तिच्या खाटेशी बसलो. तिनं चादरीखाली माझा हात शोधला. लहानपणी वाकळेखाली शोधायची तसा. मी तिच्या कानाशी म्हणालो, "समूला आणतो. आत न्हाय आणत, काचेपलीकडनं दावतो. तू नुसतं बघ." तिनं डोळे मिटले. मी म्हणालो, "काच नको, तर खाली रिक्षात बसवतो, तुला खिडकीशी आणायला लावतो." दवाखान्याचं आवार खोकणाऱ्या माणसांनी भरलेलं होतं, ते तिनं येताना बघितलं होतं. माझी बोटं तिच्या हातात होती. मी थांबलो... आणि तिनं हात काढून घेतला.

त्यावर बोलणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो, कारण घरी बसवेना. तिथंच तो फोन आला.

आपलं पोर शेवटचं बघायलाही तिनं नकार दिला. हा माझा राग आहे. तो कुणापुढं मांडायचा, ते मला कळत नाही.

पण खरी परीक्षा पुढंच होती. माणूस गेलेल्या घरी लोक बघायला येतात, गळ्यात पडून रडतात, आई गेलेल्या लेकराला तर छातीशी घट्ट धरतात. साथ जोरात, आणि वेळापूर, माढा, सांगोला, सगळीकडनं जीपा भरून माणसं यायला लागली. मी फाटक ओढून घेतलं आणि त्या निळ्या खुर्चीवर बसलो. मी शालनच्या तापात तिच्याजवळ होतो, त्यामुळं मलाही आत जायचं नव्हतंच. वेळापूरची आमची आत्या रडत फाटकातनं आत घुसली.

"कुटं हाय माजी लेक? सोड मला!"

"आत्या, खोकला कवापासनं हाय?"

"आरं, आई मेलीया तिची! पोरीला कुनी जवळ घ्याचं न्हाय? दगूड हाईस का मानूस हाईस रं?"

"दगूड हाय. भाईर बस."

आत्यानं मला जन्मभर पुरतील एवढ्या शिव्या दिल्या. माढ्याचे लोक पाणी न पिता परत फिरले. मी आरडाओरडा केला, एकाचा दंड धरून त्याला रस्त्यावर नेलं. माझा तापटपणा त्या दिवसांत पहिल्यांदा कुणाच्या तरी कामी आला असेल. पण आत्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आत खिडकीच्या गजाला धरून समू उभी होती, तिच्या डोळ्यांदेखत मी एकेका माणसाला परत लावून देत होतो, आणि त्या पोरीला कुणीतरी घट्ट धरायला हवं होतं. दाजी धरायचे, पण तेही कोलमडलेले. रक्त ठरल्या वेळी चढलं. मी पोरं पाठवली, प्रत्येकाला विचारून, आणि कुणालाही तिच्या खाटेकडं फिरकू दिलं नाही. समूला ताप आला नाही. अजून तरी आलेला नाही.

परवाच्या रविवारी पुन्हा गेलो. आता मला आत जायला हरकत नव्हती. पण फाटकात खोकला आला.

खिडकीतनं आवाज आला, "मामा, खोकला कवापासनं?"

"धूळ हाय गं, बाजाराची."

"धूळ का ताप, ते उद्या कळंल."

मी खुर्चीवर बसलो. समूनं खिडकीच्या कट्ट्यावर चहा ठेवला आणि मागं सरकली. मी तो घेऊन आलो. मग तिनं विचारलं, "आईनं मला बघायला बोलावलं हुतं का?"

बाजारात मी म्हाताऱ्या शेळीला पाट, म्हणजे न व्यालेली कोवळी शेळी, म्हणून खपवलेलं आहे. पण तिथं मला खोटं बोलता येईना. "मी म्हणलो, दावतो. काचेतनं दावतो, खिडकीतनं दावतो," मी म्हणालो. "तिनं हात काढून घेतला."

ती गज धरून उभी राहिली. आईसारखीच, न रडता.

"मला लई राग येतो तिचा," ती म्हणाली.

"मला बी येतो."

"लई म्हंजे लई."

"व्हय."

ती कट्ट्यावर बसली, गजाला डोकं टेकून. मी खुर्चीच्या हातावरची पट्टी बोटानं चाचपत होतो. शालननं मारलेले टाके अजून पक्के आहेत, एकही उसवलेला नाही. भाऊबीजेला मी इथनं उठून गेलो होतो. परवा अंधार पडेपर्यंत बसलो.