पाच साक्षीदार

व्यसन सोडवणारं ते ॲप धाकटीने तिच्या कंपनीत बनवलं होतं. सोडणाऱ्याने ओळखीचे पाच साक्षीदार निवडायचे आणि रोज संध्याकाळी ‘पाळलं’ किंवा ‘मोडलं’ यावर बोट ठेवायचं. मोडलं, की पाचही जणांना निरोप. मनाची नाही तर जनाची तरी लाज वाटेल, असा तिचा हिशेब.

पहिलं गिऱ्हाईक तिचा दादाच. फर्निचरच्या कारखान्यात सुतार. वडील गेल्यावर त्याने शाळा सोडून रंधा धरला, म्हणून ही शिकली. दारू मात्र त्याला सुटत नव्हती. “तू केलंयस ना, मग माझ्यावरच करून बघ,” म्हणाला. साक्षीदार निवडले: बायको, बहीण, सासरे, मुकादम, एक जुना मित्र.

चाळीस दिवस तो थेंबालाही शिवला नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी प्यायला आणि प्रामाणिकपणे ‘मोडलं’ दाबलं.

सकाळी मुकादमाने सगळ्यांदेखत विचारलं, “काय रे, विमान उतरलं का?” सासरे येऊन वहिनीला आठ दिवस माहेरी घेऊन गेले. धाकटीने फोनवर अर्धा तास सुनावलं. दादा नुसता हं हं करत राहिला.

त्यानंतर रोज ‘पाळलं’. सात महिने. ती अखंड हिरवी रेघ धाकटीने ऑफिसच्या बैठकीत नाव न सांगता दाखवली, तेव्हा टाळ्या पडल्या.

आठव्या महिन्यात फळी तासताना दादाला रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, लिव्हर संपलंय, हा माणूस रोज पीत होता.

“दादा, मला तरी सांगायचंस.”

“तुला एकटीला सांगायची सोय कुठे ठेवली होतीस?” आवाजात राग नव्हता. “एक दिवस खरं बोललो, तर घरदार उठलं. मग खोटंच बरं वाटलं. वास आला तर पॉलिशचा म्हणायचो. सगळे खूश होते. तूसुद्धा.”

अकराव्या दिवशी तो गेला.

महिन्याभराने धाकटी बैठकीत उभी राहिली. ती रेघ माझ्या भावाची होती, म्हणाली, आणि सगळी खोटी. निरोप पाचांना नको, माणूस म्हणेल त्या एकालाच जाऊ दे.

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, “वाईट झालं. पण धाक काढला, तर ॲप उघडणार कोण?”

“आणि ती रेघ?” कुणीतरी विचारलं. “ती घातलेला अहवाल छापायला गेलाय.”

“राहू दे,” साहेब म्हणाले. “नाव कुठे आहे तिच्यावर?”