वर्ग बघायला जाल तेव्हा

मुलांनो, परवा फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, पुढच्या आठवड्यात लेकीसाठी माँटेसरीचा वर्ग बघायला जातोय. तिथे नेमकं काय बघायचं गं?" मी सांगायला सुरुवात केली तेवढ्यात मागे तिची लेक रडायला लागली आणि फोन ठेवावा लागला. म्हणून आता लिहून पाठवते आहे. धाकट्यानेही वाचावं, त्याच्यावरही ही वेळ येईल. खरं तर अशा वेळी मी तिकडे परदेशात तुमच्याबरोबर असायला हवं होतं. वर्गाच्या दाराशी बसून त्या लेकीला नुसतं बघितलं असतं तरी मला पुष्कळ झालं असतं.

तुमची आई तीन वर्षांची झाली तेव्हा यवतमाळात असे दोनच वर्ग मला माहीत होते. मी नागपूरला इंग्रजी घेऊन शिकलेली, लग्नानंतर इथे आले. पहिला वर्ग बघायला एकटीच गेले. तिथल्या बाईंनी मला काचेचं कपाट दाखवलं. गुलाबी मनोऱ्याचे ठोकळे उतरत्या क्रमाने लावलेले, लाकडी दट्टे भोकांत बसवायच्या पेट्या चकचकीत, कुठे धुळीचा कण नाही. मला व्यवस्थितपणाची किती आवड, हे तुम्हाला माहीतच आहे. मी त्याच दिवशी तुमच्या आईचं नाव घातलं.

काही दिवसांनी तिला आणायला गेले, तर ती पाण्याच्या माठापाशी उभी होती. बाईंना म्हणाली, "मी पानी पेतो."

"पेतो नाही, पिते. मुलगी ना तू? म्हण पुन्हा."

वर्गातली मुलं हसली. तुमची आई पुन्हा काही बोलली नाही आणि पाणीही प्यायली नाही.

तुम्हाला सांगायला हवं की आपल्या वऱ्हाडात बायकासुद्धा मी येतो, मी जातो, असंच म्हणतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तुमच्या आईचा सगळा दिवस तिच्या आजीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, मागेपुढे जायचा, त्यामुळे बोलणं त्यांचंच. मी घरी आल्यावर झालेलं सांगितलं तशा त्या उसळल्या. "काय चुकलं लेकराचं? मीबी पेतो. माही मायबी पेतो म्हने. त्या बाईले मनाव, आधी पानी दे, मंग व्याकरन दे!"

पण त्यानंतर तुमची आई घराबाहेर बोलेनाशी झाली. घरात आजीशी अखंड बडबड, उंबरठा ओलांडला की गप्प. दुकानदाराने गोळी पुढे केली तरी मान हलवायची. कुणी म्हणायचं, लाजाळू आहे. कुणी विचारायचं, डॉक्टरला दाखवलं का? मी रोज वाट बघायची की आज एक शब्द तरी बोलेल. असे काही महिने गेले.

मग दुसरा वर्ग बघायला निघालो, तेव्हा सासूबाई बरोबर निघाल्याच. "शिकोनारी कोन हाये, हे पाह्यल्याबिगर मी पोरीले धाडत नाही."

तो वर्ग म्हणजे टिनाच्या छपराची एक लांब खोली. आम्हाला दाराशी बुटक्या स्टुलांवर बसवलं आणि बजावलं, नुसतं बघायचं, मुलांशी बोलायचं नाही. मांडण्या मुलांच्या छातीएवढ्या, उघड्या. मनोऱ्याच्या ठोकळ्यांचे कोपरे झिजून लाकूड दिसत होतं. एक मुलगा कापसाच्या बोंडातून सरकी काढून वाटीत टाकत होता. एकीच्या हातून पाणी सांडलं. तिने खुंटीवरचं फडकं आणलं, पुसलं, पिळलं, पुन्हा टांगलं. कुणी मान वर करून बघितलं नाही.

सासूबाई कानाशी आल्या. "सूनबाई, बाई कोठी हाये वं?"

"त्या काय, खाली सतरंजीवर बसल्यात."

"ते? ते तं मले आयाबाई वाटली. मंग शिकोते कवा?"

"आई, हळू."

"मी कोठी वरडून राह्यलो?"

तुमची आई माझा पदर सोडून केव्हा गेली, मला कळलं नाही. बघते तर पाण्याच्या तबकापाशी उभी. तिथे एक मुलगी एका गडूतून दुसऱ्यात पाणी ओतत होती. म्हणाली, "हे माहं काम हाये. मंग तू घे." त्या वर्गात प्रत्येक वस्तू एकच असायची, म्हणून थांबावं लागायचं. तुमची आई थांबली. त्या मुलीने सावकाश ओतलं, तबक पुसलं, जागेवर ठेवलं. तेव्हा कुठे सतरंजीवरच्या ताईंनी तुमच्या आईकडे बघितलं.

तुमची आई म्हणाली, "मी ओततो."

आता त्या काय म्हणतील?

ताई म्हणाल्या, "बरं. कोणत्या गडूत?"

"लायन्या." तिने लहान गडूवर बोट ठेवलं.

"बोलली वं माय!" सासूबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की सगळा वर्ग वळून बघायला लागला. ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला आणि त्या तशाच हसत, रडत बसल्या.

तर थोरले, तू हेच बघ. कपाट किती सुंदर आहे ते बघू नकोस. वस्तू हाताळून झिजल्या आहेत का, हे बघ. बाई चटकन सापडली नाही तर घाबरू नकोस, ती खाली बसलेली असेल. पण सगळ्यात आधी, मूल काहीतरी बोलेल, त्याला ती उत्तर कशाचं देते तिकडे कान ठेव: मूल काय म्हणालं याचं, की कसं म्हणालं याचं. तुझी लेक तिथे कधीतरी मराठी शब्द बोलून जाईल. बाईला तो समजणार नाही. अशा वेळी ती वाकून, लेकीचं बोट कुठे जातंय ते बघते का? बघत असेल तर नाव घालून टाक.

त्या वर्गात तुमची आई आपलं आपण करायला शिकली आणि आपली आपण इतकी लांब गेली. मला त्याचा आनंदच आहे. तरी संध्याकाळी दाराशी बसते तेव्हा वाटतं, एकदा तरी तशा बुटक्या स्टुलावर बसून तुझ्या लेकीला पाणी ओतताना बघावं. आता गुडघे बसू देणार नाहीत, आणि विमानही झेपणार नाही.

तो वर्ग बंद झाला, तिथे आता कोचिंग क्लास चालतो. ताई गेल्या, सासूबाईही गेल्या. तुमची आई मात्र फोनवर माझ्याशी अजून मराठीतच बोलते, आणि ती मराठी माझी नाही, तिच्या आजीची आहे.