चिठ्ठीतले माझे चार हॉकीवीर

हॉकीतलं मला काहीही कळत नव्हतं. म्हणूनच खेळाडू निवडायला मीच योग्य, असं माझं ठाम मत होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळुरात आमच्या बसवनगुडीच्या गल्लीतले पुरुष दरवर्षी हॉकी स्पर्धेच्या बाद फेरीआधी पैज लावत. प्रत्येकाने चार खेळाडू निवडून नावांची चिठ्ठी डब्यात टाकायची. ज्याच्या चौघांचे गोल जास्त, तो जिंकला. आणि बायकांनी? चिवडा करायचा!

"यंदा माझीही चिठ्ठी!" मी जाहीर केलं.

"अक्का, स्वल्प विचार करा," शेजारचे नागराजअण्णा म्हणाले. "ही काय मेथीची जुडी आहे निवडायला?"

"तीन नणंदांना नवरे मी निवडलेत, अण्णा! तिघींचे संसार धड चाललेत."

"पण तुझ्या चौघांचा एकही गोल झाला नाही," हे म्हणाले (हे म्हणजे आमचे यजमान, यांना मात्र मी निवडलं नव्हतं), "तर पुन्हा चिठ्ठीचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल!"

दुसऱ्या दिवशी सराव बघायला मैदानावर गेले. एक चिखलात लोळतोय, दुसरा झिंज्या सोडून किंचाळतोय! असल्यांना मुलगी कोण देईल? बाकावर मात्र तिघे गुणी मुलगे बसले होते. शुभ्र मोजे, नीट भांग, कुणाशी भांडण नाही. नावं विचारली तर उठून उभे राहिले हो! चौथा पायांना जाडजूड पॅड बांधून आपली जागा राखत होता. बघताक्षणी पसंत!

अंतिम सामना संपला, अण्णांनी डबा उघडला आणि माझी चिठ्ठी वाचून त्यांना ठसकाच लागला.

"अक्का, हे तिघे राखीव! बाकावरून उठलेच नाहीत. आणि चौथा गोलकीपर!"

"मग?"

"तो गोल करत नाही, अडवतो!"

"मग अडवलेले मोजा!"

"तुझे गोल शून्य," हे म्हणाले. "आता चिठ्ठी बंद."

"तर मग चिवडाही बंद!" मी म्हटलं. गल्लीतल्या सगळ्या बायका माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. चार दिवसांत अण्णांनी हात जोडले, "सरी अक्का, सरी! बरं, टाका तुमचीही चिठ्ठी!"

पुढच्या वर्षी मी बाकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सराव सामन्यात घामाने निथळत मैदानभर पळणारा, दोन्ही संघांना दटावणारा एक वाघ हेरला आणि चिठ्ठीत पहिलं नाव त्याचंच लिहिलं.

"अगं, हा पंच आहे!" ह्यांनी कपाळावर हात मारला.

मला आपलं वाटलं, एवढा कर्तबगार खेळाडू, म्हणूनच शिट्टी त्याच्याकडे दिली असेल!