दमेकरी ठमीची परदेशवारी

ड्रायव्हरकाकांनी एकदा ठरवलं की ठरवलं. लेकीकडे परदेशात कायमचं राहायला जायचं, तर ठमी मांजरही बरोबर येणार. नाहीतर आपलं जाणं रद्द! ठमीला दमा. सगळ्यांनी अक्कल शिकवून पाहिली, काका आपले ढिम्म. शेवटी काकू म्हणाल्या, "माझ्याशी लग्न करतानाही एवढा हट्ट धरला नव्हता हो!"

विमानतळावर मात्र माशी शिंकली. त्या गोंगाटात पिंजऱ्यातल्या ठमीला धाप लागली. कागद सगळे चोख होते, पण जनावरं तपासणारी डॉक्टरीण मान हलवायला लागली.

"अशा मांजराला मी विमानात चढू देणार नाही. औषध द्या. धाप बसली तर ठीक, नाहीतर घरी न्या."

काकांनी दम्याच्या औषधाच्या पंपाला छोटा मास्क लावून पुढे धरला. ठमीने तोंड फिरवलं. पुन्हा धरला, तर तिने फिस्कारून पंजाच मारला.

खरी गोम अशी, की घरी औषध देताना काका आधी तोंडाने बसचा हॉर्न वाजवायचे. लाडाने लावलेली सवय. हॉर्न झाल्याशिवाय बाईसाहेब मास्कला नाक लावतील तर शपथ! पण उभा जन्म बस चालवलेला भारदस्त माणूस, चारचौघांत वाजवणार कसा? काका वाकून हळूच पुटपुटले, "पों."

ठमीने ढुंकूनही पाहिलं नाही.

"मागे रांग आहे, काका," डॉक्टरीण म्हणाली.

ठमीच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. खड्ड्यात गेली ती लाज! त्यांनी छाती भरून घेतली आणि आंधळ्या वळणावर द्यावा तसा दणदणीत हॉर्न दिला, "पोंऽऽ पों पोंऽऽ!"

अख्खी रांग दचकली. एकाच्या हातून बाटली पडली. काकू तर 'कोण बाई हा माणूस?' असा चेहरा करून बाजूला सरकल्या. आणि ठमीने शहाण्या मुलीसारखं नाक मास्कमध्ये खुपसलं. काकांनी पंप दाबला. ती ओढत राहिली. हळूहळू धाप उतरली.

डॉक्टरणीने स्टेथोस्कोप लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि हसू दाबत शिक्का हाणला. "जा. पण विमानात औषध द्यावं लागलं तर?"

"तर काय, वाजवणार!" काका म्हणाले.

रांगेत टाळ्या पडल्या. काकांचे डोळे भरून आले, त्यांना पुढचं दिसेना. तेवढ्यात काकू आल्या, त्यांच्या हातातला पिंजरा घेतला आणि गर्दीत शिरत खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सरका, सरका! आमच्या ह्यांची गाडी येतेय!"